पाळी गेल्यानंतर : खानदेशातील घरगुती उपचारांचा इतिहास

खानदेशात पाळी कायमची थांबण्याला आजार मानण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे त्यावर एक ठरावीक औषधही नव्हते. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत बाई ‘पाळी गेली’ एवढेच म्हणे, आणि तेही दुसऱ्या बाईजवळ. त्या वयातल्या तक्रारी मात्र सुट्या सुट्या सांगितल्या जात. अंगावरून जास्त जाते, हातापायांची आग होते, अंगातून वाफा निघतात, कंबर धरली, गुडघे धरले, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, उगाच जीव घाबरा होतो. प्रत्येक तक्रारीचा उपाय वेगळा होता आणि तो सांगणारी व्यक्तीही वेगळी होती. कंबरेचे दुखणे शेजारीण सांभाळी, रक्तस्रावासाठी सुईण किंवा वैद्य गाठावा लागे, आणि जीव घाबरा होण्याला अनेकदा भगतच धावून येई. या सगळ्यांचे मूळ एकच आहे, हे सांगणारे कोणी नव्हते.

आजचे वैद्यक ते मूळ बीजकोशांच्या कामात शोधते. वयाच्या चाळिशीत बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण वरखाली होऊ लागते, पाळी पुढेमागे होते, कधी महिनोन्‌महिने येत नाही तर कधी अतोनात रक्त जाते. सलग १२ महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मागाहून ठरवले जाते. भारतीय स्त्रियांत हे सरासरीने ४६-४७ व्या वर्षी घडते, पाश्चात्त्य देशांतल्या स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्र हळवे होते आणि एरवी जाणवलाही नसता असा तापमानातला फरक अंगाला सहन होत नाही. छाती-चेहऱ्यावर उष्णतेची लाट येते, घाम फुटतो, मग थंडी वाजते. हाडांची झीज वेगाने होते, योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीच्या तक्रारी वाढतात.

आयुर्वेदाच्या ग्रंथांना हा टप्पा माहीत होता. सुश्रुतसंहितेत रजःस्राव बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पन्नाशीला संपतो असे सांगितले आहे, आणि वाग्भटानेही तीच मर्यादा दिली आहे. पण ज्वर किंवा अतिसार यांना जसे स्वतंत्र अध्याय आहेत तसा रजोनिवृत्तीला नाही. उतारवयात वात वाढतो, म्हणून तेल, तूप, मऊ आहार आणि रसायन औषधे घ्यावीत, एवढी सर्वसाधारण दिशा ग्रंथांनी दिली. अतिरक्तस्रावाला मात्र प्रदर हे नाव आणि भरपूर औषधे मिळाली. जे डोळ्यांना दिसत होते त्याची नोंद झाली. जे बाईला आतून जाणवत होते ते ‘उष्णता’ या एका शब्दात मावले.

खानदेशाच्या लेखी इतिहासात या विषयाचा माग जवळजवळ लागत नाही. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला. १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा जाडजूड खंड निघाला. पिके, जाती, जत्रा, किल्ले सगळे त्यात आहे. आरोग्याच्या प्रकरणात रोगराई, दवाखाने आणि देवीची लस आहे. बाईच्या शरीराला त्यात जागा नाही. १९०६ मध्ये जिल्ह्याची फाळणी होऊन पूर्व खानदेशचे ठाणे जळगावला आणि पश्चिम खानदेशचे धुळ्याला गेले, तरी सरकारी कागदांची ही नजर बदलली नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा अशा संकटांच्या रांगेत चाळिशीतल्या बाईला रात्री घाम फुटतो ही नोंदण्याजोगी बाब नव्हती.

त्या काळी या वयापर्यंत कोणी जगतच नसे, असा एक सोपा समज आहे. १९५१ च्या सुमारास भारताचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते हे खरे, पण ती सरासरी बालमृत्यूंनी खाली ओढलेली होती. बाळपण आणि बाळंतपणे निभावलेली बाई साठीपर्यंत जाऊ शके, आणि प्रत्येक गावात अशा डोकऱ्या होत्या. फरक होता तो शरीराच्या इतिहासात. लागोपाठची गरोदरपणे आणि दोन-दोन वर्षे अंगावर पाजणे यांमुळे त्या काळच्या बाईला आयुष्यभरात आजच्यापेक्षा खूपच कमी वेळा पाळी येई. शेवटचे मूल चाळिशीच्या आसपास झाले, तर त्याला पाजता पाजताच काहींची पाळी गेलेली असे आणि ती नेमकी कधी गेली हे त्यांनाही सांगता येत नसे. पाळी चुकली की पहिली शंका पुन्हा दिवस राहिल्याची येई. ती खोटी ठरली की सुटल्यासारखे होई.

‘आजीबाईचा बटवा’ हा शब्द अशा विषयात हटकून येतो, म्हणून त्या बटव्यात काय असे ते पाहिले पाहिजे. मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, अतिविष, सुंठ, ओवा, हिंग. यातले बहुतेक सगळे तान्ह्या बाळाच्या गुटीचे, आणि उरलेले पोटदुखी, सर्दी-खोकल्याचे. बटवा आजीचा खरा, पण आजीसाठी त्यात फार थोडे होते. घरातल्या औषधांचा क्रम बाळ, बाळंतीण, कर्ता पुरुष असा लागे. पाळी गेलेल्या बाईच्या वाट्याला जे येई ते औषध म्हणून येत नसे, ते रोजच्या जेवणातून आणि दुसऱ्यासाठी केलेल्या पदार्थातून येई.

त्या जेवणाकडे पाहिले तर खानदेशी बाई अगदीच निराधार नव्हती. अख्खे उडीद, ज्वारी आणि मीठ एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी हे इथले रोजचे अन्न. सोबत तिळाची, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी आणि उडदाची घोटलेली डाळ. न सोललेल्या तिळात १०० ग्रॅममागे १,००० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. भुईमूग सर्रास होण्यापूर्वी तीळ, जवस आणि करडई हीच घाण्यावरची तेले होती. जवसात आणि तिळात लिग्नन ही वनस्पतिजन्य संयुगे असतात आणि आतड्यातल्या जिवाणूंमुळे त्यांचे रूपांतर इस्ट्रोजेनशी थोडे साधर्म्य असलेल्या पदार्थांत होते. हे कोणाला माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. जवस पिकत होता म्हणून खाल्ला जात होता. आज त्याला ‘परंपरेने दिलेला हार्मोनचा उपाय’ म्हणणे म्हणजे मागाहून शहाणे होणे आहे.

उष्णतेच्या लाटांचा हिशेब या प्रदेशात वेगळाच. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत अंगाची आग बाहेरच्या उन्हाने होते की आतल्या बदलाने, हे वेगळे काढणे कठीण. दोन्हींना एकच उत्तर होते. ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, धने-जिऱ्याचे रात्रभर भिजवलेले पाणी, भिजवलेल्या मनुका, सब्जा. मसाला आणि चहा कमी करायचा असे सांगितले जाई, पण काळ्या मसाल्याच्या या मुलखात त्याचे पालन किती झाले असेल हा वेगळा प्रश्न. रात्री धाब्यावर झोपायची सोय होती. मातीच्या सपाट छपराची ही घरे आतून गार राहत आणि उन्हाळ्यात सगळे घरच वर अंथरूण टाकी. रात्रीच्या घामाने जागी होणाऱ्या बाईला उघडी हवा मिळे. सिमेंटच्या स्लॅबने घर रात्रीही तापलेले ठेवायला सुरुवात केली तेव्हा खानदेशातले एक फुकटचे साधन गेले, असे म्हणता येते.

रक्तस्राव हा घाबरवणारा भाग. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात केळफुलाची भाजी ‘अंगावरून जाणे’ कमी करते असा समज रूढ आहे. आयुर्वेदातही केळफूल स्तंभक, म्हणजे रक्त थांबवणारे, मानले आहे. वैद्य अशोकाची साल आणि लोध्र देत, आणि अशोकारिष्ट हे त्याचे बाटलीतले रूप पुढे घराघरांत पोहोचले. पण खरा सीता अशोक हा दमट जंगलातला वृक्ष. खानदेशच्या कोरड्या हवेत रस्त्याकडेला आणि शाळांच्या आवारात दिसणारा उंच, सरळ अशोक निराळ्याच कुळातला आहे, आणि त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावाखाली बाजारात मिसळली जाते ही काष्ठौषधींच्या व्यापारातली जुनी तक्रार आहे. दुसरा धोका अधिक गंभीर होता. पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसले तर ते गर्भाशयाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. पाळीच परत आली अशी समजूत करून घेऊन काढे पीत बसलेल्या किती जणींचा आजार हाताबाहेर गेला, याची मोजदाद कुठेच नाही.

हाडांच्या दुखण्यावरचे उपाय सर्वांत समृद्ध आहेत, कारण ते सातपुड्याच्या जंगलाने पुरवले. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तरेला भिल्ल, पावरा आणि तडवी कुटुंबे धावडा व सालईचा डिंक, मोह, चारोळी, शतावरीची मुळे गोळा करून आठवडे बाजारात आणत. धावड्याचा डिंक तुपात टाकला की टपोऱ्या लाह्यांसारखा फुलतो. तो हाताने चुरडायचा, त्यात खारकेची पूड, किसून भाजलेले खोबरे, खसखस आणि कडूपणा मारण्यासाठी आठवडाभर तुपात भिजवून ठेवलेले मेथीचे पीठ घालायचे, गुळाच्या पाकात लाडू वळायचे. लाडू होत बाळंतिणीसाठी किंवा थंडीत घरातल्या पुरुषांसाठी. सासूला त्यातला एखादा मिळे, आणि ती कंबरदुखीची तक्रार करणारी असेल तर दोन. पळसाचा लाल डिंक कमरेसाठी वेगळा ठेवला जाई.

बाहेरून करायचे उपचार साधे होते. रुईचे किंवा एरंडाचे पान तेल लावून तव्यावर गरम करायचे आणि रात्री गुडघ्यावर बांधायचे. निरगुडीचा पाला उकळून त्याची वाफ घ्यायची, जाड मिठाची पुरचुंडी तापवून शेक द्यायचा. तिळाच्या तेलाने अंग रगडून घेणे तर सर्वमान्य, फक्त ते रगडणारे कोणी पाहिजे. बाळंतिणीला अंग रगडणारी बाई ठरवून येई. पन्नाशीच्या बाईसाठी तशी कोणी ठरवलेली नसे, सुनेची मर्जी आणि वेळ यांवर ते अवलंबून राही.

घरातले स्थान हा या सगळ्यातला सर्वांत परिणामकारक आधार असावा. विटाळ पाळणाऱ्या घरांत पाळीच्या दिवसांत बाई बाहेर बसे. देवघर, लोणच्याची बरणी, उन्हाळ्यातले पापड-बिबड्यांचे वाळवण यांना तिचा हात चालत नसे. पाळी गेली की हे बंधन कायमचे सुटे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणाऱ्या कानबाई देवीच्या उत्सवात हे स्पष्ट दिसते. प्रसादाच्या रोटांसाठी गहू निवडणे, दळणे, कानबाईची मांडणी या कामांना कडक सोवळे लागते, आणि अडचणीच्या तारखेची धास्ती नसलेली वडीलधारी बाई साहजिकच त्याची सूत्रधार होते. अहिराणी गाणी तिला येतात, रोट कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे भाऊबंदकीचे नियम तिलाच माहीत असतात. ज्या वयात शरीर साथ सोडू लागते, त्याच वयात घरातला शब्द वाढतो. मनाच्या अस्वस्थतेवर याचा परिणाम झाला नसता तरच नवल.

पण हे चित्र सर्वांचे नाही. रोजाने कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला बाहेर बसणे कधी परवडलेच नव्हते, त्यामुळे सुटण्यासारखे बंधनही नव्हते. पाळी गेली तरी वाकून वेचणी करायचीच आणि गाठोडे डोक्यावर घ्यायचेच. विधवेचे कानबाईतले स्थान सवाष्णीसारखे नसे. सातपुड्यात तर उतारवयाची एकटी बाई संशयाचा विषय होई. गावात मुले आजारी पडली, गुरे मेली, की ‘डाकीण’ ठरवून तिला मारहाण व्हायची, गावाबाहेर काढले जायचे, प्रसंगी जीवही जायचा. खानदेश आणि शेजारच्या डांगमधील भिल्लांत अशा हत्या होत असल्याचे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवले आहे. धुळे-नंदुरबारच्या पहाडी भागात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न एकविसाव्या शतकातही भेटला, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज सांगताना ही उदाहरणे दिली गेली. वय वाढले की मान वाढतो हे ज्या समाजाबद्दल खरे होते, त्याच्या पलीकडच्या डोंगरात त्याच वयाची बाई जीव मुठीत धरून राहत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी घरगुती ज्ञान छापखान्यात गेले. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ आणि ‘वनौषधी गुणादर्श’ या ग्रंथांनी वनस्पतींचे गुण मराठी वाचकाच्या हाती दिले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महासंमेलन सुरू झाले. आता शतावरी म्हणजे डोंगरातून आलेले मूळ राहिले नाही, तिला पानावरचे वर्णन आणि मात्रा मिळाली. फारुकी राजवटीत खानदेशची राजधानी असलेल्या बुऱ्हाणपूरच्या युनानी हकिमांचा वावर तापीकाठच्या गावांत होताच. त्यात निसर्गोपचाराची भर पडली. लुई कूने या जर्मन उपचारकाचे कटिस्नान, म्हणजे थंड पाण्याच्या टबात कंबर बुडवून बसणे, महात्मा गांधींनी उचलून धरले. १९४६ मध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात पुढे ‘सोहम’ हा योग व निसर्गोपचाराचा विभाग निघाला आणि हा विषय अभ्यासक्रमात आला.

दवाखान्याची वाट मात्र दुसरीकडे गेली. अमेरिकेत १९४२ पासून इस्ट्रोजेनची गोळी बाजारात होती, आणि साठच्या दशकात तिला चिरतारुण्याचे औषध म्हणून खपवले गेले. खानदेशात ती क्वचितच पोहोचली. इथे पोहोचली ती शस्त्रक्रिया. ‘पिशवी काढणे’ हा शब्द ऐंशी-नव्वदच्या दशकांत खेड्यापाड्यांत रुळला. रक्तस्राव, पांढरे जाणे, कंबरदुखी, सगळ्यांवर तोच तोडगा. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले की रजोनिवृत्ती एका रात्रीत येते, पस्तिशीत असली तरी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२ हजारांवर महिलांपैकी सुमारे १३,८०० जणींची पिशवी काढलेली आढळली. खानदेशातल्या टोळ्याही कोयता घेऊन दक्षिण गुजरात आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि पाळीमुळे खाडा पडू नये हे कारण त्यांनाही अनोळखी नाही. अशा बाईला उष्णतेच्या लाटा, हाडांची झीज आणि निद्रानाश दहा वर्षे आधीच गाठतात, आणि तिच्याजवळ ना वाढलेला मान असतो ना धाबे.

२००२ मध्ये अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील संयुक्त संप्रेरकांचा भाग स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढल्याचे दिसल्याने मध्येच थांबवला गेला. जगभर संप्रेरकांची भीती पसरली आणि ‘नैसर्गिक’ पर्यायांचा बाजार फुगला. नंतरच्या विश्लेषणात पन्नाशीच्या आसपास, रजोनिवृत्तीनंतर लवकर सुरू केलेल्या उपचाराचा धोका बराच कमी असल्याचे दिसले, पण तोवर शतावरीच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानात आल्या होत्या.

घरगुती उपायांची तपासणीही झाली आहे. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १८८ स्त्रियांना रोज जवसाची वडी किंवा तशीच दिसणारी, जवस नसलेली वडी दिली. उष्णतेच्या लाटा दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या. २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संस्थेने संप्रेरकांशिवायच्या उपायांचा आढावा घेतला, तेव्हा वनस्पतिजन्य पूरके, सोयाबीन आणि योगही या लाटांसाठी शिफारशीच्या यादीत बसले नाहीत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती, संमोहन आणि वजन कमी करणे हे बसले. शतावरी आणि अश्वगंधेवरचे अभ्यास अजून लहान आणि थोडे आहेत. याचा अर्थ तीळ, भाकरी आणि चालणे निरुपयोगी असा नाही. हाडे, झोप, साखर, वजन यांसाठी त्यांचे मोल आहे. ते उष्णतेच्या लाटेचे औषध नाहीत, एवढेच.

एका तक्रारीवर जुन्या परंपरेत जवळजवळ काहीच सापडत नाही. योनीचा कोरडेपणा आणि त्यामुळे होणारा शरीरसंबंधाचा त्रास. सून घरात आली की सासूने नवऱ्यापासून वेगळे झोपायचे, हा संकेत अनेक घरांत होता. त्रास होणाऱ्या बाईसाठी ती सोय होती, न होणारीसाठी शिक्षा, पण बोलायची वेळ दोघींवरही आली नाही. आज त्यावर साधे वंगण किंवा अल्प मात्रेचे इस्ट्रोजेन मलम मिळते आणि ते परिणामकारक आहे. तालुक्याच्या दवाखान्यात मागायला मात्र बाई क्वचितच जाते.

वनस्पतींची नोंद तेवढी नीट झाली. धुळ्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डी. ए. पाटील यांनी २००३ मध्ये धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला आणि २००८ मध्ये एस. आर. क्षीरसागर यांच्यासह जळगाव जिल्ह्याचा. शतावरी, पळस, निरगुडी, धावडा यांची शास्त्रीय नावे आणि ठिकाणे आता छापील आहेत. शतावरीचे औषध तिच्या मुळांत असते, म्हणून ती खणली की वेल मरतो. जंगलातला पुरवठा आटतो आहे, आणि जळगावच्या दुकानांतली शतावरीची पूड बहुतांशी बाहेरून, बंद डब्यांत येते.